एकच ध्वनिमुद्रण, दोन तबकड्या

माझा धाकटा भाऊ एलपी ऐकतो आणि मी मुख्यतः सीडी ऐकतो. काही ध्वनिमुद्रणे आमच्याकडे दोन्ही रूपांत आहेत, आणि एकाच खोलीत, एकाच स्पीकरवर ती ऐकत असतानाही आमचे मत कधी जुळले नव्हते. त्याचे म्हणणे असे, की तबकडीवर सुई टेकली की गायक समोर येऊन बसतो आणि सीडी लावली की तोच गायक काचेपलीकडे जातो. माझे म्हणणे असे, की सीडीवर मला जी शांतता आणि जो स्थिर सूर मिळतो, तो एलपीवर मिळत नाही. दोघेही आपापल्या कानांनी ऐकलेलेच सांगत होतो, त्यामुळे कोणी उगाच हट्ट करत होते असे म्हणता येणार नाही. पण दोन प्रामाणिक माणसांना एकाच वस्तूचा उलटसुलट अनुभव येतो, तेव्हा बहुधा ती वस्तू एकच नसते. आणि आमच्या बाबतीत नेमके तेच घडत होते, हे कळायला आम्हाला काही वर्षे लागली.

आमची पहिली तुलना तर मुळातच सदोष होती. ॲम्प्लिफायरची कळ एकदा एलपीकडे आणि एकदा सीडीकडे फिरवायची आणि कोणते बरे वाटते ते सांगायचे, अशी ती साधी पद्धत होती, आणि तीत भावाची एलपी जवळजवळ दर वेळी जिंकत असे. पुढे स्पीकरच्या जोडणीवर मल्टिमीटर लावून मोजल्यावर लक्षात आले, की फोनो प्रीॲम्प्लिफायरमुळे, म्हणजे एलपीचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या छोट्या पेटीमुळे, एलपीचा आवाज सीडीपेक्षा सुमारे दीड डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) मोठा येत होता. एखाद-दीड डेसिबलचा फरक ऐकणाऱ्याला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तो ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘जवळचा’ म्हणून जाणवतो, आणि म्हणूनच तो फसवा असतो. घरोघरी आणि दुकानादुकानांत होणाऱ्या अशा तुलनांपैकी बहुतेक तुलना याच एका कारणामुळे निकामी ठरतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आवाजाची पातळी मोजून सारखी केलेली नसेल, तर पुढच्या सगळ्या विशेषणांना काही अर्थ उरत नाही.

पातळी सारखी केल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. तो कुठून येतो हे समजून घ्यायचे, तर आधी तबकडीवर काय घडते हे नीट पाहावे लागते. आज आपण जिला एलपी म्हणतो, ती कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये आणली: १२ इंच व्यास, मिनिटाला ३३⅓ फेरे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक खाच. त्याआधीच्या, लाखेपासून केलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला चार-पाच मिनिटांच्या पुढे संगीत मावत नसे. एलपीच्या एका बाजूवर वीस मिनिटे सहज मावू लागली. स्टिरिओ एलपी १९५८ च्या सुमारास बाजारात आली, पण खाचेच्या दोन उतरत्या भिंतींवर दोन वेगळे प्रवाह कोरायचे ही कल्पना ॲलन ब्लुमलाइन या इंग्लिश अभियंत्याने १९३१ मध्येच पेटंटच्या अर्जात मांडून ठेवली होती. त्या काळात अशा तबकडीला बाजारच नव्हता, हे लक्षात घेतले की त्या कल्पनेतली दूरदृष्टी अधिकच थक्क करते.

खाचेत संगीत जसेच्या तसे कोरलेले नसते, ही गोष्ट बऱ्याच श्रोत्यांना माहीत नसते. खर्जाचे स्वर पूर्ण ताकदीनिशी कोरले, तर खाच इतकी डोलू लागेल की ती शेजारच्या खाचेत शिरेल. आणि तार स्वर आहेत तसे कोरले, तर ते पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार स्वर उचलतात, आणि ऐकताना फोनो प्रीॲम्प्लिफायर त्याच्या नेमके उलट करतो. १९५४ साली ठरलेल्या आणि पुढे सर्वांनी स्वीकारलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना) वक्राप्रमाणे ही दुरुस्ती २० हर्ट्झच्या बाजूला सुमारे २० डेसिबल वर आणि २०,००० हर्ट्झच्या बाजूला सुमारे २० डेसिबल खाली इतकी मोठी असते. शिवाय कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागातून, मूव्हिंग मॅग्नेट या जातीत येणारा विद्युतदाब असतो चार-पाच मिलिव्होल्ट, तर सीडी प्लेअरमधून कमाल दोन व्होल्टच्या आसपास. म्हणजे एलपीचा इवलासा संकेत शेकडो पटींनी वाढवायचा आणि वाढवताना त्याचा वक्रही सरळ करायचा, ही दोन्ही कामे त्या छोट्या पेटीला करावी लागतात. या पेटीत थोडीशी जरी चूक असली, तरी एलपीचा सगळा स्वभाव बदलतो, आणि श्रोता मात्र त्याचे श्रेय किंवा दोष तबकडीलाच देतो.

त्यानंतर येते भूमिती, आणि माझ्या मते एलपीची खरी मर्यादा तिथे आहे. तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून जितकी खाच सरकते, त्याच्या निम्म्याहूनही कमी खाच लेबलजवळ सरकते. बाहेर हा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, आत तो सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. १०,००० हर्ट्झचा स्वर बाहेरच्या खाचेत सुमारे ५१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीत कोरलेला असतो आणि आत त्याच स्वराला जेमतेम २१ मायक्रॉन जागा मिळते. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते. इतक्या जाड टोकाला इतक्या दाट वळणांतून वाट काढता येत नाही, आणि मग गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’ या उच्चारांना एक कर्कश धार येते. लंबगोलाकृती किंवा त्याहून निमुळत्या सुईने हा दोष बराच कमी होतो, पण पुरता जात नाही. दुर्दैव असे, की संगीतरचनेचा स्वभाव बहुधा याच्या उलट असतो. द्रुत तराणा असो किंवा सिंफनीचा शेवटचा भाग असो, सर्वांत दाट आणि सर्वांत बुलंद संगीत शेवटी येते, म्हणजे तबकडीच्या सर्वांत दुबळ्या जागी येते.

सुराच्या स्थैर्याबद्दलही असेच. तबकडीचे भोक मध्यबिंदूपासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असले, तरी लेबलजवळच्या खाचेत सूर दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, वर आणि खाली जवळपास एक टक्क्याने हेलकावतो. हा हेलकावा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका असतो. ढोलकी-ताशाच्या गजरात तो लक्षातही येणार नाही. पण पियानोचा लांबवलेला स्वर किंवा तंबोऱ्याची अखंड झंकार ज्याने कान देऊन ऐकली आहे, त्याला तो चुकूनही सुटत नाही. मी घेतलेल्या एका नव्याकोऱ्या एलपीत हा दोष इतका ठळक होता, की टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावीकडे-उजवीकडे डुलताना डोळ्यांना दिसत असे. विकणाऱ्याने ती बदलून दिली, आणि बदलून आलेली तबकडीही तशीच निघाली, कारण त्या खेपेच्या सगळ्याच तबकड्या तशा होत्या. तंबोऱ्याच्या सुरात गाणाऱ्या कलावंताची ती तबकडी मी आजवर दुसऱ्यांदा लावलेली नाही.

सीडीची गोष्ट याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे प्रमाण निश्चित केले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये ती विक्रीला आली. १२ सेंटिमीटर व्यासाची तबकडी, सेकंदाला लहरीच्या उंचीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे सोळा द्विमान अंकांचा, असे दोन प्रवाह. एलपीची एका बाजूची खाच उलगडून सरळ केली, तर ती अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल. सीडीवरची सर्पिल रेघ पाच किलोमीटरहून लांब असते आणि तिच्या लगतच्या दोन वळणांमधले अंतर फक्त १.६ मायक्रॉन असते. ही रेघ आतून बाहेर वाचली जाते, आणि वाचण्याचा वेग सर्वत्र सारखा राहावा म्हणून तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि शेवटी सुमारे २००. त्यामुळे शेवटचे गाणे पहिल्या गाण्यापेक्षा दुबळे पडण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय सूर फिरकीच्या वेगावर अवलंबून नसतो. वाचलेली माहिती आधी साठवली जाते आणि स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यांवर बाहेर पाठवली जाते, म्हणून तंबोरा तंबोऱ्यासारखा निश्चल राहतो.

सीडीवरच्या आक्षेपांपैकी एक आक्षेप इतक्यांदा ऐकू येतो, की त्यावर थोडे थांबले पाहिजे. एलपीवरची लहर अखंड असते आणि सीडीवर तिचे तुकडे पडलेले असतात, म्हणून सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, असे म्हणतात. चित्र काढून दाखवले की हे लगेच पटते, पण ते खरे नाही. ज्या लहरीतली सर्वांत वरची कंप्रता नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून कमी आहे, ती लहर त्या नमुन्यांवरून पूर्णपणे आणि एकाच प्रकारे पुन्हा उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. प्लेअरमधला फिल्टर नेमके हेच काम करतो, आणि त्यातून बाहेर पडणारी लहर गुळगुळीत असते. लहरीचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर तिच्यात पायरी शोधून सापडत नाही. बिटांची मर्यादा पायऱ्यांच्या नव्हे, तर मंद खरखरीच्या रूपाने प्रकट होते, आणि ती खरखर सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सुमारे ९६ डेसिबल खाली असते. उत्तम स्थितीतल्या एलपीवर हेच अंतर ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यान राहते. अगदी सुरुवातीच्या सीडी आणि प्लेअर काहींना रुक्ष वाटले, ते मात्र मला समजण्यासारखे आहे: तेव्हाचे काही फिल्टर ओबडधोबड होते, आणि एलपी कोरण्यासाठी आवाजाचा तोल बदलून तयार केलेल्या टेपच काही वेळा थेट सीडीसाठी वापरल्या गेल्या होत्या.

आता पातळी सारखी करून आम्ही केलेल्या एका चाचणीकडे येतो. भावाची आवडती एलपी आम्ही त्याच्याच टर्नटेबलवर वाजवली आणि फोनो प्रीॲम्प्लिफायरमधून येणारा संकेत १६ बिट आणि ४४,१०० नमुन्यांत, म्हणजे नेमका सीडीच्या प्रमाणात, नोंदवून त्याची एक सीडी तयार केली. चाचणीसाठी मिळणाऱ्या तबकडीवरचा १,००० हर्ट्झचा स्वरही त्याच वेळी नोंदवला, आणि त्याच्या आधारे दोन्हींची पातळी मल्टिमीटरने दशांश-दोन दशांश डेसिबलच्या आत जुळवली. सुई खाचेत चालताना स्वतःही बारीक कुजबुजल्यासारखा आवाज करते आणि तो ऐकून ओळख पटू शकते, म्हणून दोन्ही वेळा तबकडी फिरतच ठेवली आणि फक्त ॲम्प्लिफायरची कळ बदलली. कोणते लावायचे हे मी नाणे उडवून ठरवत होतो आणि माझा चेहरा त्याला दिसणार नाही असा पाठमोरा बसलो होतो. एकूण वीस फेऱ्या झाल्या. निव्वळ अंदाजाने दहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात. खरोखर फरक कळतो असे म्हणायला किमान पंधरा बरोबर यावी लागतात. त्याची अकरा बरोबर आली. मग जागा बदलून मी बसलो, आणि माझी नऊ आली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, मला एलपीत जे आवडतं ते सगळं तुझ्या सीडीवर तसंच्या तसं आलं. मग मला विकतची सीडी का नाही आवडत?”

मला वाटते, या विषयात विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच आहे. एलपीचा ऊबदारपणा, दोन्ही बाजूंच्या आवाजांचे एकमेकांत किंचित मिसळणे, खर्जाचा तो मऊ फुगवटा, खाचेतली बारीक टिकटिक, हे सगळे सीडीच्या भांड्यात सांडल्याशिवाय मावले. उलट दिशेने हे साधत नाही. सीडीवरचा कोणताही आवाज एलपीवर जसाच्या तसा उतरवता येत नाही, कारण फार प्रबळ तार स्वर कोरणारे यंत्र तापवतात, दोन बाजूंना वेगवेगळा पसरलेला खर्ज सुईला खाचेतून उडवू शकतो, आणि बाजू लांबली की आवाजाची पातळी खाली आणावी लागते. म्हणून वाहक या नात्याने सीडी श्रेष्ठ आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. पण श्रोता वाहक ऐकत नाही. त्या वाहकावर कोणीतरी भरून पाठवलेले ऐकतो, आणि ते भरणे म्हणजे मास्टरिंग.

भावाच्या त्या ध्वनिमुद्रणाची विकतची सीडी आम्ही संगणकावर उघडली, तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर उभे राहिले. एलपीवरून केलेल्या नोंदीत लहर डोंगरदऱ्यांसारखी दिसत होती: आलापीत खाली, तानेत वर, तबल्याच्या प्रत्येक थापेला एक उंच सुळका. विकतच्या सीडीवर, जी मूळ प्रकाशनानंतर बऱ्याच वर्षांनी ‘नव्याने मास्टर केलेली’ म्हणून निघाली होती, तीच लहर वरून कापलेल्या कुंपणासारखी सपाट होती. डिजिटल माध्यमात कमाल पातळीची एक पक्की मर्यादा असते. तिच्यापलीकडे जाता येत नाही, म्हणून आपली सीडी इतरांपेक्षा मोठ्याने वाजावी असे वाटणारा निर्माता लिमिटर लावून सुळके दाबतो आणि उरलेले सगळे वर उचलतो. १९९० च्या दशकापासून ही चढाओढ वाढत गेली. तिची सर्वांत दुःखद बाजू अशी, की ज्या माध्यमात शांत आणि बुलंद यांच्यामध्ये ९६ डेसिबलची जागा होती, त्या माध्यमावर त्या जागेचा अगदी छोटा तुकडा वापरला गेला. माझ्या भावाला नकोशी वाटत होती ती सीडी नव्हे, तर ती दाबलेली लहर. तबल्याच्या थापेचा सुळका गेला की तबला वाजतो, पण चामड्यावर हात पडल्यासारखा वाटत नाही, आणि गायकाचा श्वास आणि त्याची खुली तान एकाच उंचीवर आली की गायक काचेपलीकडेच जाणार.

याचा अर्थ एलपीवर नेहमी मोकळे मास्टरिंगच मिळते, असा मात्र नाही. एलपीवर आवाज दाबताच येत नाही, हा समज सर्वत्र पसरला असला तरी चुकीचा आहे. आधीच दाबलेली लहर थोड्या कमी पातळीवर कोरता येते, आणि अशा कितीतरी तबकड्या निघतात. आणखी एक सापळा असा, की सुळके आणि सरासरी यांच्यातले अंतर मोजणारी संगणकावरची साधने एलपीच्या नोंदीला सीडीपेक्षा वरचा आकडा देतात, जरी दोन्ही एकाच मास्टरवरून केलेली असली तरीही, कारण कोरताना आणि वाचताना लहरीच्या घटकांची सापेक्ष स्थिती बदलते आणि त्यामुळे नवे, आभासी सुळके तयार होतात. तो आकडा पाहून एलपी विकत घेणाऱ्यांनी सावध राहावे. त्याचप्रमाणे, एलपी म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत ॲनालॉग, हेही सरसकट खरे नाही: १९७० च्या दशकातच डिजिटल पद्धतीने मुद्रित केलेले संगीत एलपींवर निघू लागले होते, आणि आजच्या बहुसंख्य नव्या एलपी डिजिटल मास्टरवरूनच कोरल्या जातात. अमेरिकेत २०२२ साली एलपींची विक्री नगांच्या हिशेबात सीडींच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. या लाटेत जुन्या संगीताच्या अनेक आवृत्त्या घाईने बाजारात येत आहेत, आणि त्यांपैकी कोणती कुठल्या स्रोतावरून कोरली आहे, हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते. वजनदार, १८० ग्रॅमची तबकडी म्हणजे चांगला आवाज असेही नसते. जाड तबकडी हाताला बरी वाटते, पण खाचेत काय कोरले आहे त्याचा वजनाशी संबंध नाही.

म्हणून अलीकडे मी कोणतीही तबकडी घेताना ती एलपी आहे की सीडी, हे आधी पाहत नाही. ध्वनिमुद्रण कोणत्या साली झाले, ही आवृत्ती कोणत्या साली निघाली आणि मास्टरिंग कोणी केले, एवढे पाहतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि १९९० च्या आरंभीच्या पुष्कळ सीडींवर मूळ टेप फारशी छेडछाड न करता उतरवलेली असते. त्यांचा आवाज शेजारच्या नव्या सीडीपेक्षा हळू वाटतो, पण आवाजाची कळ थोडी फिरवली की त्या फुलतात. जे संगीत मुळात एलपीसाठीच तयार झाले, ज्याचा तोल ध्वनिमुद्रकाने कोरण्याच्या यंत्रासमोर बसूनच साधला होता आणि ज्याची मूळ टेप पुढे झिजली किंवा हरवली, त्या संगीताची त्या काळातली सुस्थितीतली एलपी हीच सर्वोत्तम प्रत असू शकते. अशा वेळी मी एलपी घेतो आणि तिच्या सगळ्या मर्यादांसह ती आनंदाने ऐकतो.

जपणुकीबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण दोन्ही तबकड्या पुसण्याची रीत नेमकी उलट आहे आणि सवयीने हमखास चूक होते. एलपी पुसायची ती खाचेच्या दिशेने, गोलाकार, म्हणजे धूळ खाचेतून बाहेर निघते. सीडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. सीडीवर माहिती एका विशिष्ट सूत्राने विखरून ठेवलेली असते आणि तिच्यासोबत जादा अंकही असतात, त्यामुळे रेघेचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा सलग वाचता आला नाही, तरी हरवलेले अंक गणिताने पूर्ण परत मिळतात. आडवा ओरखडा प्रत्येक वळणाला क्षणभरच छेदतो, म्हणून तो पचतो. गोलाकार पुसताना पडलेला ओरखडा मात्र एकाच वळणावरून लांबवर जातो आणि दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर पडतो. आणि सीडीची नाजूक बाजू ती चकाकणारी नव्हे, तर छापील बाजू आहे. खालून लेसरला एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचे संरक्षण असते, पण वरून ॲल्युमिनियमच्या थरावर फक्त रोगणाचा पातळ लेप असतो. तो खरवडला गेला की खालची माहिती कायमची जाते. एलपीच्या बाबतीत सुईची झीज हा सर्वांत मोठा शत्रू आहे. हिऱ्याची सुईसुद्धा पाचशे ते हजार तासांत झिजते, आणि झिजलेली सुई आवाज बिघडवतेच, शिवाय खाचेची भिंत कायमची तासून काढते. सुई बदलण्यात काटकसर करणारा श्रोता आपला सगळा संग्रह हळूहळू खर्ची घालत असतो.

ऐकण्याच्या रीतीबद्दल मात्र भावाचे म्हणणे मी मनापासून मान्य केले आहे. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते, आणि तेवढा वेळ माणूस खरोखर लक्ष देऊन बसू शकतो. मधले गाणे गाळायचे तर उठावे लागते, म्हणून ते गाळले जात नाही, आणि पहिल्यांदा न आवडलेले गाणे तिसऱ्या-चौथ्यांदा उलगडू लागते. माझ्या सीडींच्या कपाटात अशी किती गाणी असतील, जी एक बटण दाबून मी पुढे ढकलली आणि नंतर कधी ऐकलीच नाहीत. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चाळीस-पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल एलपीवर कापावा लागतो, किंवा मुळातच वीस मिनिटांच्या साच्यात बसवून गावा लागतो, आणि बडे कलावंत त्या साच्यातही चमत्कार करून गेले असले, तरी रागाची संथ बढत अर्ध्यावर तोडून तबकडी उलटायला उठणे मला अजूनही जड जाते. सीडीने ७४ मिनिटांचे अखंड अवकाश दिले, ही लांब संगीताच्या श्रोत्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि तिची दखल जितकी घ्यायला हवी तितकी कोणी घेत नाही.

नव्याने घरी संगीत ऐकू लागणाऱ्या कोणी मला विचारले, तर मी सांगतो की आधी स्पीकर चांगले घ्या, ते भिंतीपासून थोडे पुढे ओढून ठेवा आणि साधा सीडी प्लेअर जोडा. साध्या आणि महागड्या प्लेअरमधला फरक लहान असतो, साध्या आणि चांगल्या टर्नटेबलमधला फार मोठा. कार्ट्रिजचा कोन, सुईचा दीड-दोन ग्रॅमचा भार आणि टोनआर्मला आत ओढणाऱ्या बलाची भरपाई या तीन गोष्टी स्वतः जुळवण्याची आवड आणि चिकाटी असेल, तरच एलपीच्या वाटेला जावे; न जुळवलेल्या टर्नटेबलवर ऐकून एलपीबद्दल मत बनवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

त्या चाचणीतून एक काम मात्र आमच्या हाती आले. भावाकडे अशा कित्येक एलपी आहेत, ज्यांची सीडी कधी निघालीच नाही, आणि त्यांतल्या काहींच्या खाचा आता अखेरच्या अवस्थेत आहेत. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांतली एक ओल्या कापडाने नीट पुसतो, वाळू देतो आणि नव्या सुईने तिची नोंद करतो. टिकटिक काढून टाकणारी प्रणाली वापरायची नाही, असे त्याने बजावले आहे, आणि मला ते मान्य आहे, कारण तशा प्रणाली टिकटिकीबरोबर तबल्याच्या थापेची कडही खातात. आजवर सत्तावीस झाल्या. बाजू संपली की तो उठून तबकडी उलटतो, आणि तेवढ्यात मी पहिल्या बाजूच्या नोंदीवर राग, कलावंत आणि वर्ष लिहून ठेवतो.